धंदा बंद करायलाही पैसे लागतात

लहान उद्योगांचे हिशेब पाहणं हे माझं काम. नवा धंदा सुरू करणारे माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या हातात आराखडा असतो, पुढच्या वर्षांचे अंदाज असतात, बँकेला दाखवायचा अहवाल असतो. बंद करायचा विचार करणारे मात्र बहुतेक वेळा रिकाम्या हाताने आणि उशिरा येतात. उशिरा म्हणजे पगाराची तारीख तोंडावर आलेली, माल देणाऱ्यांचे फोन उचलणं सोडून दिलेलं, घरातली शिल्लकही धंद्यात घालून झालेली. तोवर करण्यासारखं फार कमी उरतं. म्हणून जे मी त्यांना समोर बसवून सांगते, ते आज इथे लिहिते आहे. ज्यांचा धंदा अजून बरा चाललाय त्यांनी वाचावं, ही माझी खरी इच्छा.

धंदा बंद करायला पैसे लागतात, आणि ते बरेच लागतात. कामगारांना नोटिशीच्या काळातला पगार द्यायचा असतो, साठलेल्या रजांचे पैसे द्यायचे असतात. जागेचा करार संपायला अवधी असेल तर उरलेल्या महिन्यांचं भाडं किंवा सुटका करून घेण्याची रक्कम द्यावी लागते, शिवाय जागा होती तशी करून परत द्यायची असते. मशीन उचलून न्यायचा खर्च वेगळा. कर्ज मुदतीआधी फेडलं तर काही ठिकाणी दंड. शेवटची विवरणपत्रं, वकील, हिशेबनीस. आणि हे सगळं निस्तरेपर्यंत जे महिने जातात त्यात विक्री घटत जाते, पण वीज, विमा आणि पगार चालूच असतात. या सगळ्याची बेरीज केल्याशिवाय ‘बंद करू’ असं म्हणण्याला अर्थ नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती केलेली असते.

ही रक्कम संपायच्या आत निर्णय झाला पाहिजे. खात्यात किती शिल्लक राहिली की आपण थांबायचं, हा आकडा धंदा धड चालू असताना ठरवून लिहून ठेवावा. भागीदार असतील तर सर्वांच्या सह्यांनिशी. तो आकडा गाठला की चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची नाही. पाणी गळ्याशी आल्यावर माणूस शांतपणे आकडे मांडू शकत नाही, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

मोठ्यांचंही काही वेगळं नाही. कॅरिलियन ही ब्रिटनमधली बांधकाम आणि सेवा पुरवणारी अवाढव्य कंपनी जानेवारी २०१८ मध्ये कोसळली. तेव्हा तिच्यावर जवळपास ७ अब्ज पौंडांची देणी होती आणि हातात रोख होती फक्त २ कोटी ९० लाख पौंड. एरवी अशा कंपनीचा कारभार प्रशासकाच्या हाती देतात, तो चालू ठेवून त्यातले धडधाकट भाग विकतात. इथे तेवढे दिवस काढण्याइतकेही पैसे नव्हते. कंपनी थेट अवसायनात गेली, म्हणजे कारभार थांबवून मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत, आणि रुग्णालयं, शाळा, तुरुंग यांच्या सेवा बंद पडू नयेत म्हणून सरकारला पैसा ओतावा लागला. तिच्याकडे कामं घेतलेले असंख्य छोटे ठेकेदार मधल्या मधे अडकले. स्वतःच्या धंद्याची आवराआवर करण्याइतकी रोकडही न उरणं म्हणजे काय, हे त्या प्रकरणात दिसतं.

इतका उशीर का होतो? आळस हे त्याचं कारण नव्हे. घातलेला पैसा माणसाला सोडत नाही. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये यावर मानसशास्त्रातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका नाट्यगृहाची हंगामी तिकिटं काही जणांना पूर्ण किमतीला आणि काहींना सवलतीत दिली, कोणाला काय मिळेल हे निव्वळ योगायोगावर सोडून. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती, पण गेलेला पैसा वसूल करायची ओढ वेगळी होती. नाटकाच्या तिकिटापायी जर असं होत असेल, तर आयुष्याची वर्षं घातलेल्या धंद्यात काय होत असेल? म्हणून मालकाला ‘भावनेत अडकू नका’ असं मी कधी सांगत नाही. त्याऐवजी त्यांच्यासमोर एक कोरा कागद ठेवते.

त्या कागदावर आम्ही दुसरा ताळेबंद मांडतो. नेहमीचा ताळेबंद धंदा पुढे चालणार आहे असं धरून केलेला असतो. मशीन घेतलं त्या किमतीतून घसारा, म्हणजे वापराने दर वर्षी घटलेली किंमत, वजा करून जो आकडा उरतो तो आपण लिहितो, मग ते मशीन उद्या विकलं तर काय येईल याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. बंद करायचं ठरलं की हे गृहीतकच कोसळतं. आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे विकून हातात रोख किती येईल, आणि किती दिवसांत?

खोकी बनवणाऱ्या एका छपाई कारखान्यात मी हा कागद मांडायला बसले होते. मालक आणि त्यांची पत्नी, दोघं मिळून धंदा पाहायचे. मागच्या खोलीत भिंतभर मांडण्या होत्या आणि त्यात डाय उभ्या लावलेल्या. प्लायवूडच्या फळीत पोलादी पात्या बसवून केलेले साचे, प्रत्येकावर मार्करने गिऱ्हाईकाचं नाव आणि खोक्याचं माप. कोणाचं औषधाचं खोकं, कोणाचं साबणाचं. वहीत या डाय मालमत्ता म्हणून होत्या आणि आकडा चांगला घसघशीत होता. मी विचारलं, बाहेरचा माणूस यातली एक तरी विकत घेईल का? ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “कोण घेणार? दुसऱ्याच्या खोक्याचं माप घेऊन तो काय करील?” आम्ही तो आकडा खोडून शून्य लिहिलं. अर्धवट झालेल्या मालाचं तसंच. कच्चा कागद माल देणारा कमी भावाने परत घेतो, तयार खोकी ज्याची त्याला देता येतात, पण छापून झालेला आणि कापायचा राहिलेला कागद रद्दीच्या भावाने जातो. म्हणून शेवटच्या महिन्यांत नवं काम घेण्याआधी हातातलं अर्धवट काम पुरं करणं हाच खरा नफा.

पण त्या डायचं पुढे जे झालं ते सांगायलाच हवं. परक्याला त्यांची किंमत शून्य होती, ज्याचं खोकं त्याला मात्र ती मोठी होती. नवी डाय करायची म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही. दोघांनी प्रत्येक गिऱ्हाईकाला स्वतः भेटून सांगितलं: आम्ही अमुक तारखेला थांबतोय, तुमचं काम करू शकेल असा छपाईवाला आम्ही बघून दिला आहे. ज्यांनी डायचे पैसे पूर्वी वेगळे दिले होते त्यांच्या डाय लगेच परत केल्या. ज्यांनी दिले नव्हते त्यांना हिशेब चुकता करतानाच माफक भावात देऊ केल्या. उधारी ज्या वेगाने आली, तसा वेग मी धंदा बंद होताना क्वचितच पाहिला आहे.

कारण एरवी नेमकं उलट होतं. अमुक दुकान गुंडाळतंय अशी कुणकुण लागली की येणी थिजतात. जो दर महिन्याला बिनबोभाट पैसे देत होता त्याला अचानक जुन्या मालात खोट दिसू लागते. त्याच आठवड्यात माल देणारे उधारी बंद करून रोख मागतात. म्हणजे येणारा पैसा आटतो आणि जाणारा वाढतो. म्हणून कोणाला, कधी, कोणत्या क्रमाने सांगायचं हे तारखांसकट आधी ठरवावं. तोवर शांतपणे उधारीची मुदत कमी करत आणावी आणि जुनी थकबाकी वसूल करावी. यात लपवाछपवी नाही. मात्र देणं फेडता येणार नाही हे माहीत असूनही नवा माल उधारीवर उचलणं ही फसवणूक आहे, आणि बऱ्याच देशांत त्याबद्दल संचालक स्वतः अडचणीत येऊ शकतो. तसंच शेवटच्या दिवसांत मेव्हण्याचं हातउसनं आधी फेडून बाकीच्यांना ताटकळत ठेवणं. असे व्यवहार नंतर उलटवता येतात, आणि मग मेव्हण्याकडूनच पैसे परत मागितले जातात. येणी-देणी मांडून सगळ्यांचं सगळं देणं फिटत नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी वकील गाठावा, कारण तिथून रस्ता वेगळा होतो.

‘कंपनी बुडाली तरी माझं घर सुरक्षित’ असं मला अनेक जण सांगतात. कंपनी आणि मालक या कायद्याने दोन वेगळ्या व्यक्ती, हे तत्त्व १८९७ च्या सॅलोमन खटल्यापासून जगभर उद्धृत होतं. अ‍ॅरन सॅलोमन हा लंडनमधला बूट बनवणारा. कंपनीची जवळपास सगळी मालकी त्याचीच असली तरी तिची देणी त्याच्या खिशातून वसूल करता येणार नाहीत, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं. पण छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक मालकाची वैयक्तिक हमी घेते, म्हणजे कंपनीने फेडलं नाही तर मी फेडीन असं लिहून घेते, आणि तिथे ही भिंत कामाला येत नाही. जागेच्या करारावर, मशीनच्या भाडेकरारावर, मोठ्या पुरवठादाराच्या फॉर्मवर आपण कुठे कुठे सही केली आहे, हे मालकाला बहुधा आठवत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सगळे करार टेबलावर काढायला लावते. हमी असलेली देणी कोणती, हे कळलं की पुढची अर्धी आखणी आपोआप ठरते.

विकून मोकळं होता येईल का, हाही प्रश्न येतोच. येतं, पण घेणारा आपल्या कष्टाची किंमत करत नाही. मालक महिनाभर फिरकला नाही तर धंदा चालेल का, आणि निम्मी विक्री एकाच गिऱ्हाईकाच्या जिवावर तर नाही ना, हे तो बघतो. मालमत्ता विकत घ्यायची की देण्यांसकट अख्खी कंपनी, यावरही भाव फिरतो. बेअरिंग्ज ही ब्रिटनमधली दोनशेहून अधिक वर्षं जुनी बँक १९९५ मध्ये आयएनजी या डच वित्तसंस्थेने फक्त १ पौंडाला घेतली, कारण त्या एका पौंडाबरोबर तिची देणीही घेतली होती. विकायचा विचार असेल तर एक-दोन वर्षं आधीपासून स्वतःला कामातून बाजूला करत न्यावं. घाईने विकणाऱ्याची घाई समोरच्याला लगेच कळते.

शटर खाली ओढल्यावरही काम उरतं, आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. बँक खातं सगळ्यात शेवटी बंद करावं, कारण कराचा परतावा आणि अनामत रकमा उशिरा येतात. हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद करण्याआधी सगळा डेटा आपल्याकडे उतरवून घ्यावा, कागदपत्रं कायद्याने सांगितलेली वर्षं जपावी लागतात. वेबसाइटचं डोमेन निदान काही वर्षं तरी नूतनीकरण करत राहावं. ते सुटलं की कोणीही विकत घेऊ शकतो, मग आपल्या जुन्या पत्त्यावर येणारे ईमेल त्याच्याकडे जातात, त्यात पासवर्ड बदलण्याच्या लिंकही आल्या. दिलेल्या मालाची हमी मुदतीत असेल तर तक्रार कोण ऐकणार, तेही लिहून द्यावं.

आणि कामगार. त्यांना बाहेरच्यांच्या आधी, मालकाच्याच तोंडून कळावं, शेवटच्या पगाराचा आकडा आणि तारीख त्याच बैठकीत सांगितली जावी, यावर मी अडून बसते. अनुभवाचं पत्र प्रत्येकाला शेवटच्या दिवसाच्या आत मिळालं पाहिजे, त्यात कामाचं नेमकं वर्णन हवं. पत्रावर कंपनीचा फोन नंबर छापलेला असतो, तो तर बंद होणार. दोन वर्षांनी एखादा नवा मालक चौकशी करायला फोन लावेल तेव्हा पलीकडे कोणीतरी असलं पाहिजे. त्या खोकीवाल्या ताईंनी प्रत्येक पत्रावर स्वतःचा मोबाइल नंबर घातला आणि सगळ्या पत्रांच्या प्रती एका फाइलमध्ये लावून घरी नेल्या.