आमची वाटचाल : सत्तर नंबरच्या गाडीपासून

माझे बाबा कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे धातूच्या ओतकामासाठी मूळ नमुने (पॅटर्न) करायचे. पॅटर्न साच्यातून अलगद सुटावा म्हणून दिलेला उतार, धातू आकसतो म्हणून ठेवलेली वाढ, हे सगळं मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटजवळ येऊन राहिलो, तेव्हा याच शिदोरीवर इथे वीतभर गाड्या घडवू असं मनातही नव्हतं.

हा मुलूख स्टॉक कारचा. सुरुवातीला शर्यतीत शोरूममधून आणलेली साधी गाडीच पळवायची, म्हणून ती ‘स्टॉक’. या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संघटनेच्या मुख्य मालिकेची पहिली शर्यत १९४९ मध्ये शार्लटच्याच मातीच्या ट्रॅकवर झाली. सहकाऱ्याबरोबर मी मॉडेलांच्या एका प्रदर्शनाला गेलो. टेबलामागून टेबलं पाहिली, सगळीकडे नामवंत विजेत्यांच्याच गाड्या : रिचर्ड पेटींची ४३ आणि डेल अर्नहार्ट यांची ३ नंबरची. मी शोधत होतो ७०.

ती जे. डी. मॅकडफी यांची. आमच्याच राज्यातल्या सॅनफोर्डचे. ६५३ शर्यती, विजय एकही नाही. पैसा तुटपुंजा, गाडी घरच्या गॅरेजात जुळवलेली, तरी १९६३ पासून ते पळतच राहिले. १९९१ मध्ये वॉटकिन्स ग्लेनच्या ट्रॅकवर अपघातात गेले. मला हवी तशी ७० कुठेच मिळाली नाही, म्हणून मी आणि माझ्या पत्नीने ती स्वतः करायला घेतली. आमचा धंदा तिथून सुरू झाला.

आम्ही १:२५ प्रमाणात काम करतो. बाजारातल्या जोडायच्या प्लास्टिक किटची बॉडी कापून, पुटी भरून मूळ नमुना करायचा, त्यावर सिलिकॉन ओतून साचा घ्यायचा आणि त्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिक. पहिल्या बॉड्या छतापासून बंपरपर्यंत बुडबुड्यांनी भरल्या. बाबांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “हवेला बाहेर पडायला वाट ठेवलीस का?” ठेवली नव्हती. साच्याला हवेचे मार्ग काढले, हवेच्या दाबाने बुडबुडे दाबून टाकणारा प्रेशर पॉट घेतला आणि छत आरशासारखं निघालं.

डिकलांनी, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या छापील आकड्यांनी आणि नावांनी, मात्र फार रडवलं. साध्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, आणि खाली पांढरं नसेल तर गडद रंगावर पिवळा आकडा दिसतच नाही. अल्प्स कंपनीच्या जुन्या प्रिंटरमध्ये पांढरी रिबीन चालते, पण त्यांचं उत्पादन कधीच थांबलंय. आम्ही एक वापरलेला मिळवला. पत्नी त्याला जिवापाड जपते. डिकलांचं सगळं काम तिचंच.

खरा वेळ जातो फोटो शोधण्यात. कॅमेरे जिंकणाऱ्यांकडे वळलेले असायचे. आमची गाडी चौकटीच्या कडेला, अर्धीच. दारावर गावातल्या कुठल्यातरी गॅरेजचं नाव, तेही पुढच्या शर्यतीत बदललेलं. कृष्णधवल फोटोत गडद लाल आणि गडद निळा दोन्ही करडेच. तरीही डावी बाजू एका शर्यतीची आणि उजवी दुसरीची, असं आम्ही कधीच करत नाही. त्या माणसाने त्या दिवशी जी गाडी पळवली, तीच हुबेहूब व्हायला हवी.

सगळ्यात जास्त मागणी वेंडेल स्कॉट यांच्या ३४ नंबरच्या शेव्हरोलेला. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलमध्ये ते दोन फेऱ्यांनी पुढे होते, तरी विजेता म्हणून बक बेकर यांना जाहीर केलं. स्कॉट कृष्णवर्णीय होते. नंतर विजय त्यांच्या नावावर लागला, पण कुटुंबाच्या हाती ट्रॉफी आली ती २०२१ मध्ये. स्कॉट १९९० मध्येच गेले होते. ते मॉडेल पॅक करताना आमचं घर नेहमी शांत होतं.

सध्या बडी ॲरिंग्टन यांची ६७ नंबरची डॉज करतोय. ५६० शर्यती, विजय शून्य. १९७८ मध्ये पेटी शेव्हरोलेकडे वळले, तेव्हा त्यांच्या जुन्या डॉज ॲरिंग्टननी घेतल्या आणि त्याच पळवल्या. साचा तयार आहे, डाव्या दाराची अक्षरं जुळलीत. उजव्या बाजूचा त्याच शर्यतीतला फोटो अजून हवाय, तोवर डिकल थांबवलेत.