३२०आय की सी२०० कॉम्प्रेसर? गाडीशोधाची नोंद, भाग ३

मंडळी, मावसभावाच्या यादीत आता दोनच गाड्या उरल्यात. एक बीएमडब्ल्यूची ई९० पिढीतली ३२०आय, दुसरी मर्सिडीजची डब्ल्यू२०४ पिढीतली सी२०० कॉम्प्रेसर. दोन्ही पेट्रोल, दोन्ही ऑटोमॅटिक, दोन्ही २००९ च्या. त्याचं रनिंग कमी आणि बहुतेक शहरातल्या शहरात, त्यामुळे डिझेल आम्ही आधीच बाद केलं होतं.

नुसते आकडे बघितले तर मर्सिडीज पुढे आहे. १.८ लिटरचं एम२७१ इंजिन, त्यावर सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप), १८४ पीएस (म्हणजे अश्वशक्ती) आणि २५० न्यूटन-मीटर. ३२०आयचं एन४६ इंजिन दोन लिटरचं, पण टर्बो नाही की सुपरचार्जर नाही. १५६ पीएस आणि २०० न्यूटन-मीटर. सिग्नलवरून निघताना हा फरक लगेच कळतो. मर्सिडीज खालूनच ओढते, बीएमडब्ल्यूला आरपीएम चढवावे लागतात.

कात्रजच्या जुन्या घाटात मात्र चित्र पालटतं. ई९०चं हायड्रॉलिक स्टिअरिंग जड आहे, पण पुढचं चाक काय करतंय ते तळहाताला कळत राहतं. वळणात वजन पुढे-मागे जवळपास समसमान वाटलेलं, त्यामुळे गाडी नाक बाहेर टाकत नाही. मर्सिडीज तेच वळण निवांत घेते, पाठीला सुख देते, पण बोलत नाही. मला स्वतःला घ्यायची असती तर मी ३२०आयकडेच झुकलो असतो.

पण या वयाच्या गाडीत चालवण्याच्या मजेआधी इंजिनाचा इतिहास बघावा, हे माझं ठाम मत आहे. दोन्ही इंजिनांची दुखणी ओळखीची आहेत आणि दोन्ही तपासता येतात.

एन४६ मध्ये वय झालं की व्हॉल्व्ह स्टेम सील (व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारे रबरी सील) कडक होतात आणि ऑइल जळायला लागतं. तपासणी सोपी आहे: गाडी पूर्ण गरम करा, पाच-दहा मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, एकाला सायलेन्सरमागे उभं करा आणि मग जोरात रेस द्या. निळसर धुराचा लोट आला तर सील गेले. सील स्वस्त असतात, मजुरी स्वस्त नसते. शिवाय टायमिंग चेनचं (क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टचा मेळ ठेवणारी साखळी) प्लॅस्टिक गाइड ठिसूळ होतं आणि त्याचे तुकडे ऑइल चेंबरमध्ये पडतात. म्हणून चेंबर कधी उघडला होता का, हे जरूर विचारा.

एम२७१ ची चेन ताणली जाते आणि कॅमशाफ्ट ॲडजस्टरचे (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारा भाग) दात झिजतात. याचा आवाज मुख्यतः थंड स्टार्टला येतो, म्हणून मालकाला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्या दिवशीची तपासणी रद्द. थंड असेल तर बॉनेट उघडून कान द्या. पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड आली तर चेनचा खर्च धरूनच भाव बोला. मग स्कॅनर लावून पी००१६ कोड (क्रँक आणि कॅमशाफ्टचा मेळ चुकल्याची खूण) आहे का ते बघा. कॅमशाफ्ट मॅग्नेटचा कनेक्टरही काढून बघा. आत ऑइल दिसलं तर ते वायरिंगमधून ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत, चढू शकतं.

आता प्रत्यक्ष पाहिलेल्या गाड्या. ३२०आय थंड आणि गरम दोन्ही तपासण्यांत स्वच्छ निघाली, धूर अजिबात नाही. कागद मात्र मोजकेच, आधीच्या मालकाने बिलं जपलेली नाहीत. टायरच्या भिंतीवर ३२१६, म्हणजे २०१६ च्या ३२ व्या आठवड्यातले. रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर) काढून साधे टायर टाकलेत, आणि डिकीत स्टेपनीसाठी खाच नाही. रात्री महामार्गावर पंक्चर झालं तर काय, याचं उत्तर विकणाऱ्याकडे नव्हतं.

सी२०० चाकणला जोडलेली, पहिल्या मालकाकडची. चेन, टेन्शनर (चेन ताठ ठेवणारा भाग) आणि दोन्ही ॲडजस्टर बदलल्याचं बिल फाइलमध्ये आहे, त्यावर किलोमीटरसुद्धा लिहिलेत. स्टार्टला आवाज नाही, कनेक्टर कोरडे. या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉक बंद पडून गाडी जागेवर अडकते, म्हणून आम्ही किल्ली पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. प्रत्येक वेळी लॉक लगेच सुटला. आतली लेदर थोडी फाटलीय. चालेल.

इथे माझं मत बदललं. ई९० जास्त आवडते, पण मावसभावाला मी ही सी२०० सुचवली. चेनच्या बिलाचं वजन मोठं आहे. त्याच फाइलसकट एखादी ३२०आय मिळाली असती तर हाच सल्ला उलटा दिला असता.

दोन्हींची १५ वर्षं उलटून गेलीत, तेव्हा आरसी नूतनीकरण झालंय का ते बघणं आलंच. २०२२ च्या एप्रिलपासून कारची ही फी ६०० वरून ५००० रुपये झाली, त्यावर आपल्याकडे पर्यावरण कर वेगळा, आणि मुदत फक्त पाच वर्षांची. सी२०० चं नूतनीकरण झालेलं आहे, ३२०आयचं बाकी. दोन्ही ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या आधीच्या काळातल्या, त्यामुळे जी घेऊ तिचे इंधनाचे रबरी पाइप बघून घ्यायचे.

पुढच्या आठवड्यात सी२०० लिफ्टवर चढवतोय. मागच्या सबफ्रेमला (मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो सांगाडा) गंज आहे का आणि सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या मोकळ्या आहेत का, एवढंच उरलंय. कुणाकडे एम२७१ असेल तर चेन किती किलोमीटरला बदलावी लागली ते कळवा.