२०० तासांचं लॉगबुक आणि उजवी खुर्ची

भारतात व्यावसायिक पायलटचा परवाना, म्हणजे सीपीएल, २०० तासांवर मिळतो. हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. त्याच्या पोटातले आकडे मात्र फ्लाइंग सुरू झाल्यावरच अंगावर येतात. १०० तास पीआयसी (पायलट इन कमांड), म्हणजे विमानाची जबाबदारी पूर्ण तुमची. त्यातले ५० क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दूर दुसरीकडे जाणारे, आणि त्यात एक तरी उड्डाण ३०० नॉटिकल मैलांचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून, थांबून. २० तास इन्स्ट्रुमेंट, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवायचे, त्यातले फार तर १० सिम्युलेटरवर. शिवाय ५ तास रात्रीचे, १० टेकऑफ-लँडिंगसह.

या रात्रीच्या पाच तासांनी माझे सगळ्यात जास्त दिवस खाल्ले. धावपट्टीचे दिवे, टॉवरची वेळ, इन्स्ट्रक्टर आणि विमान हे सगळं एकाच संध्याकाळी जुळून यावं लागतं. जुळलंच, तर धुकं येतं.

तास मोजायची रीतही मजेशीर आहे. उड्डाणासाठी विमान जागेवरून हललं की वेळ सुरू, परत येऊन थांबलं की बंद. त्यामुळे इंजिन चालू ठेवून, दुसऱ्यांची लँडिंग बघत धावपट्टीच्या तोंडाशी घालवलेली वीस मिनिटंही लॉगबुकात फ्लाइंगच. हे नियमात बसतं, पण तेव्हाच वाटायला लागलं की तास आणि अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींनी तर एवढेही कष्ट घेतले नव्हते. २०११ साली बनावट गुणपत्रिका जोडून परवाने काढल्याची प्रकरणं उघडकीस आली होती. तेव्हापासून लॉगबुकाची पानं कुणी बारकाईनं तपासली तर मला राग येत नाही.

डीजीसीएच्या, म्हणजे परवाना देणाऱ्या सरकारी नियामकाच्या, पेपरांबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येकात ७० टक्के लागतात, अभ्यास केला की मिळतात. खरा त्रास परवाना हातात आल्यावर होता. एअरलाइनची भरती तुमच्या सोयीनं निघत नाही, आणि तोवर इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (उपकरणांवर उडवण्याच्या परवानगीची) मुदत वर्षभरात संपते. म्हणजे नोकरी नाही, तरी चेक, म्हणजे उड्डाणाची परीक्षा, देऊन रेटिंग जिवंत ठेवायचं. घरच्यांना हे समजावणं एखाद्या चेकराइडइतकंच अवघड.

मग टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमानाचं प्रशिक्षण, एअरबस ए३२०वर, उजव्या म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीसाठी. इथं २०० तासांचं खरं वजन कळलं. सेसना या छोट्या विमानामध्ये मी एकट्यानं सगळं करायला शिकलो होतो. सिम्युलेटरमध्ये ट्रेनरनी पहिली तंबी दिली ती बोलण्यावरून: "नुसतं बघू नकोस, दिसलं की बोल." एक उडवणार, दुसरा नजर ठेवणार, आणि ठरलेले शब्द ठरलेल्या क्षणीच यायला हवेत. टेकऑफच्या ऐन वेगात एक इंजिन बंद पाडतात. पाय रडरवर (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर) आपसूक जातो, तेवढं छोट्या विमानानं शिकवलेलं असतं. पण घाई न करता आधी विमान सरळ ठेवायचं, मग चेकलिस्ट मागायची, हा ठहराव त्या २०० तासांत कुठेच नव्हता.

लँडिंगचीही तीच गत. सेसनात डोळे जमिनीपासून जेमतेम माणसाच्या उंचीवर असतात. एअरबसमध्ये साधारण ३० फुटांवर नाक उचलायला घ्यायचं, आणि तेव्हा तुम्ही बसलेले असता चाकांच्या कितीतरी वर. विमान स्वतः उंची पुकारत असतं: फिफ्टी, फॉर्टी, थर्टी. सुरुवातीला तो आवाज ऐकेपर्यंत थर्टी गेलेलंही असायचं. म्हणून प्रवाशांसह उडायला लागल्यावर शेजारी ट्रेनिंग कॅप्टन आणि मागच्या खुर्चीत आणखी एक अनुभवी पायलट होते. ते मागे बसणं बंद झालं तेव्हा आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली.

लोक विचारतात, अमेरिकेत एअरलाइनमध्ये उडवायला १५०० तास लागतात, मग आपल्याकडे इतके कमी कसे? तो नियम २०१३ पासूनचा. २००९ साली बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून ५० जण गेले, त्यानंतर आला. तिथेही लष्करी पायलटांना ७५० आणि विमानचालनाची पदवी असलेल्यांना १००० तास पुरतात. गंमत म्हणजे कोलगनच्या दोन्ही पायलटांचे तास १५०० हून जास्तच होते. विमान स्टॉल होत असताना, म्हणजे पंखांची उचल संपत असताना, कॅप्टननी नाक खाली न नेता वर खेचलं. म्हणून सर्किट, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेऱ्या, मारून मारून भरलेल्या १३०० तासांपेक्षा मला मागच्या खुर्चीतल्या त्या माणसावर जास्त भरवसा वाटतो. अर्थात २०० तासांच्या पायलटवर ट्रेनिंगमध्ये काटकसर करणारी एअरलाइन असेल, तर अमेरिकेचा आकडाच बरा, हेही खरं.

आपल्याकडे १५०० लागतात ते एटीपीएल या वरच्या परवान्यासाठी, आणि त्याशिवाय डावी, म्हणजे कॅप्टनची, खुर्ची नाही. माझे तास भरत आलेत, लेखी पेपर अजून बाकी आहेत.