पाय पंपापर्यंत पोचतच नव्हता

“पाय गाडीपर्यंत पोचतच नाही असं वाटतं बघा,” काका म्हणाले. तक्रार सांगायची ही रीत मला आवडली नव्हती, कारण त्यातून हाती काहीच लागत नाही असं मला तेव्हा वाटलं. दुपारपर्यंत कळलं की त्यांनी दोष अगदी शब्दशः सांगितला होता.

गाडी जुनी, चार सिलिंडरची, टर्बो नसलेली, डिझेलवरची. सिलिंडरांना दाबाने डिझेल देणारा तिचा पंप इनलाइन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा प्लंजर एका ओळीत असलेला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दम सोडते, पिकअप नाही. माझ्याकडे येण्याआधी डिझेल फिल्टर दोनदा बदलला होता, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल तपासून झाले होते, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला चांगलं निघालं होतं. शेवटी एका ठिकाणी सांगितलं, पंप उतरवून पूर्ण उघडावा लागेल. तो खर्च ऐकून काका माझ्याकडे आले.

मीही पहिला तासभर चुकीच्याच वाटेने गेलो. लाइन एअर घेतेय का, टाकीतली जाळी तुंबली आहे का, हेच बघत बसलो. डिझेलचा पुरवठा ठीक निघाला. मग रस्त्यावर चालवून पाहिली आणि आरशात एक गोष्ट दिसली, किंवा खरं तर दिसली नाही. चढावर पॅडल पूर्ण दाबूनही मागे धूर नव्हता. हवा कमी पडणारं इंजिन पूर्ण दाबल्यावर काळा धूर टाकतं. हे इंजिन स्वच्छ होतं, फक्त अशक्त होतं. म्हणजे त्याला डिझेलच कमी मिळत होतं, आणि पुरवठा तर मी नुकताच तपासला होता.

परत आल्यावर इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि काकांना सांगितलं, “पॅडल फरशीला टेकेपर्यंत दाबा आणि धरून ठेवा.” पंपाचा लिव्हर वळला आणि मधेच थांबला. पुढच्या स्टॉप स्क्रूपर्यंत, म्हणजे लिव्हरची पूर्ण फिरण्याची हद्द ठरवणाऱ्या स्क्रूपर्यंत, अजून ११ मिलिमीटर जागा शिल्लक होती. मी बोटाने लिव्हर ढकलला, तर तो सहज स्टॉपला जाऊन टेकला. पंपात अडथळा नव्हता. पाय खरंच पोचत नव्हता.

पेट्रोलच्या जुन्या गाडीत पॅडल हवेची झडप उघडतं. या डिझेलमध्ये हवेच्या वाटेत अशी झडपच नाही, हवा येईल तितकी येते. पॅडल फक्त पंपाचा लिव्हर फिरवतं, लिव्हर गव्हर्नरला, म्हणजे इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेला, सांगतो, गव्हर्नर रॅक नावाची दांडी सरकवतो, रॅक डिझेल ढकलणारे प्लंजर फिरवते आणि दर झटक्याला किती डिझेल जायचं ते ठरतं. बॉशने असे पंप १९२७ मध्ये उत्पादनात आणले, तेव्हापासून मूळ रचना हीच. त्यामुळे लिव्हर पूर्ण फिरला नाही तर ताकदही पूर्ण मिळत नाही, मग आतला पंप कितीही उत्तम असो.

आता ११ मिलिमीटर गेले कुठे ते शोधायचं होतं. या गाडीत पॅडलपासून पंपापर्यंत दोन रॉड, इंजिनवर बसवलेला एक काटकोनी लिव्हर, चार बॉल जॉइंट (गोळी आणि तिला धरणारं सॉकेट) आणि तीन बुश (पिन ज्यात फिरतो ती नळकांडी) होते. एकेक सांधा बोटांनी हलवून बघितला. एकही सुटलेला नव्हता, पण एकही घट्ट नव्हता. कुठे एक मिलिमीटर, कुठे दीड. थोडकं वाटतं, पण काटकोनी लिव्हरचा पॅडलकडचा हात ३० मिलिमीटरचा आणि पंपाकडचा ६० चा. अलीकडे दीड मिलिमीटर हरवला की पलीकडे तीन हरवतात.

शिवाय स्प्रिंगा दोन असतात. एक पॅडलला वर ओढून धरते, दुसरी पंपाच्या लिव्हरला आयडलकडे, म्हणजे पाय काढल्यावरच्या जागेकडे. दोन्ही टोकं आपापल्या स्टॉपला टेकलेली आणि मधला सगळा प्ले, म्हणजे सांध्यांमधली मोकळीक, सैल लोंबकळत असतो. पाय दाबला की आधी तो सैलपणा भरून निघतो, मग लिव्हर हलायला लागतो. तोवर पॅडलचा बराच प्रवास संपलेला असतो.

रॉडची लांबी बदलून हे तात्पुरतं झाकता येतं. कुणीतरी ते आधीच केलं होतं: रॉडची लांबी बदलणारा ॲडजस्टर इतका बाहेर आला होता की जेमतेम तीन आटे पकडून होते. त्याच्या पुढच्या सॉकेटवर तार गुंडाळलेली होती, म्हणजे तो पूर्वी निसटला असणार. हे बघत असताना काका सहज बोलले, “आणि कधीकधी पाय काढला तरी इंजिन खाली येत नाही. एकदा उतारावर ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो.”

मी हातातला पाना खाली ठेवला. ताकद कमी असणं मला चालतं, पाय काढल्यावर न ऐकणारी गाडी नाही. काटकोनी लिव्हरचा बुश काढला तर तो अंडाकृती झिजलेला होता. आतला पिन व्हर्नियरने मोजला: १० मिलिमीटरचा, एका बाजूने ९.६. लिव्हर तिरका होऊन पिनवर अडकत होता आणि पंपाची स्प्रिंग त्याला दरवेळी सोडवू शकत नव्हती. काकांना आधी पंपावरचा हाताने इंजिन बंद करायचा लिव्हर दाखवला आणि काम होईपर्यंत गाडी न्यायची नाही असं सांगितलं.

झीज एकाच बाजूला का, हे मला सुटेना. मग वर बघितलं. नोझलमधून उरलेलं डिझेल परत नेणारी कापडी वेष्टणाची नळी ओली होती. थेंब बरोबर त्या पिनवर पडत होता. डिझेल ग्रीस धुऊन नेतं आणि रबर फुगवतं. ती नळी तशीच ठेवून नवा बुश घातला असता तर तोही तसाच गेला असता. या कामात मला सगळ्यात समाधान देणारा शोध तो थेंब होता.

नळ्या सगळ्या बदलल्या. पिन लेथवर नवा करून घेतला, गनमेटलचा बुश दाबून बसवला आणि भोक नेमकं मोठं करणारं हत्यार, रीमर, फिरवून पिन स्वतःच्या वजनाने हळू उतरेल इतका मोकळा केला. चारही सॉकेट नवे. माझ्या हाताखालचा पोरगा म्हणाला, “दोन तर अजून बरे आहेत.” बरे होते. पण जुन्या सॉकेटची कड बॉलला किती दिवस धरेल ते बाहेरून दिसत नाही.

जुळवणी पंपाकडून पॅडलकडे केली. लिव्हर आयडल स्टॉपवर ठेवून रॉडची लांबी अशी केली की सॉकेट बॉलवर चढताना लिव्हर जरासुद्धा हलू नये. मग पुढच्या स्टॉप स्क्रूपाशी कागदाची पट्टी धरली आणि काकांना पॅडल दाबायला सांगितलं. पट्टी पकडली गेली. पाय काढला, पट्टी सुटली. आयडल स्टॉपवर तेच, वीस वेळा. पॅडलखालचा स्टॉप इतका वर घेतला की पायाचा जोर पंपाच्या लिव्हरवर न येता त्या स्टॉपवर यावा. पंपाचा सील केलेला स्क्रू मी हातही न लावता तसाच ठेवला. त्याची जागा टेस्ट बेंचवर ठरते.

त्याच चढावर काकांनीच चालवली. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चढत गेली आणि वरच्या टप्प्याला आरशात फिकट धूर दिसला. उतारावर त्यांनी पाय काढला, आवाज लगेच खाली आला. ते काही बोलले नाहीत, फक्त परत एकदा दाबून सोडून बघितलं.

पहिल्या गिअरमध्ये हळू निघताना अजून एक बारीक हिसका आहे. इंजिन डोलतं, त्याबरोबर रॉड ओढला जातो आणि पॅडल न हलवताही लिव्हर थोडा हलतो. इंजिनला धरणारं डावं माउंटिंग दबून गेलं आहे. ते पुढच्या आठवड्यात बदलू.