खारीचे पट्टे मोजताना

आमच्या गोडोलीतल्या घरामागचा आंबा खारींचा आहे, आम्ही नुसते भाडेकरू. गच्चीवर भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या की आधी त्यांना कळतं. शेंग दोन्ही हातांत धरून गरागरा फिरवायची, दाणा खायचा आणि टरफल खाली टाकायचं. टरफलं झाडायला आम्ही आहोतच. गेल्या महिन्यात तर काथ्याच्या पायपुसण्याला एका कोपऱ्यात टक्कल पडलं. घरट्यासाठी तोंडात मावेना इतका काथ्या कोंबून एक बाई भिंतीवर चढताना दिसल्या, थेट झुबकेदार मिशांच्या हवालदारासारख्या.

आपल्याकडे तीन पट्ट्यांची खार असते तशी पाच पट्ट्यांचीही, असं एक मित्र म्हणाला आणि मला मोजायचं खूळ लागलं. पाठीवरचे तीन पट्टे सहज दिसतात. उरलेले दोन खाली कुशीवर, फिकट. चौथ्यापर्यंत पोचावं तर बाई कुंपणावर. शेवटी सापडली ती झाडावरून उतरताना. खार डोकं खाली करून उतरते, तेव्हा तिची मागची पावलं घोट्यातून पार उलटी वळतात आणि नखं सालीत रुततात. खाली मांजर होतं. ते हटेपर्यंत ती तशीच उलटी लटकून शेपटी झटकत चिकचिक करत राहिली. तेवढ्यात मी दोनदा मोजले. पाच.

आईला सांगितलं. "काहीतरीच तुझं. सेतूच्या वेळी रामानं तीनच बोटं फिरवली."

"मग पाचही फिरवली असतील."

"पाचात अंगठा येतो. अंगठ्यानं कुणी कुरवाळतं होय रे?"

खारीच्या पुढच्या पायालाही धड चारच बोटं असतात, अंगठा नावापुरता. हे मी बोललो नाही, उगाच तिची बाजू भक्कम झाली असती.

सह्याद्रीत उडती खारही आहे. पण ती रात्री बाहेर पडते आणि मी रात्री झोपतो, त्यामुळे ओळख नाही. शेकरू मात्र महाबळेश्वरला आईसोबतच पाहिलं. तांबूस तपकिरी पाठ, पिवळसर पोट, अंगापेक्षा लांब शेपूट. मागच्या पायांवर फांदीला लटकून निवांत फळ खात होतं. आपला राज्यप्राणी, पण अंगावर एक पट्टा नाही.

"हे जमिनीवर फारसं उतरतच नाही," मी म्हणालो.

"तरीच," आई म्हणाली. "वाळू आणायला गेलंच नसणार."