रंग गेला म्हणजे पाणी स्वच्छ झालं का?

मी कापड रंगवण्याच्या (डाइंगच्या) सांडपाण्यावर काम करते हे कळलं की पुण्यात कुठेही, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा, हाच प्रश्न येतो: ‘पांढरी पावडर टाकून उन्हात ठेवलं की रंगीत पाणी नितळ होतं ना? मग इचलकरंजी-सोलापूरचे डाइंगवाले ती का वापरत नाहीत?’ तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

ती पावडर म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. त्यावर अतिनील प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उसळून वर जातात आणि मागे उरलेल्या रिकाम्या जागा पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे समोर येईल त्याच्यावर तुटून पडणारे अल्पायुषी कण, बनवतात. हे रॅडिकल रंगाचा रेणू फोडतात. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी याच पदार्थाच्या मदतीने प्रकाशात पाण्याचं विघटन करून दाखवलं, तेव्हापासून जगभर यावर काम चालू आहे.

गच्चीवर एप्रिलच्या उन्हात बीकरमधला निळा रंग उडताना बघायला मलाही फार आवडतं. पण रंग उडणं ही निम्मीच गोष्ट आहे. कापडाचे बरेचसे रंग ॲझो वर्गातले. त्यांच्यात दोन नायट्रोजन अणूंचा जो बंध असतो तो तुटला, की डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसतं. रेणूचे तुकडे मात्र पाण्यातच असतात, बिनरंगी. त्यांतले काही, ॲरोमॅटिक अमाइन नावाची नायट्रोजनयुक्त संयुगं, मूळ रंगापेक्षाही विषारी असू शकतात. म्हणून नुसता रंग मोजून भागत नाही. सीओडी (पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन) किती उतरला, एकूण सेंद्रिय कार्बन किती राहिला, हे बघावंच लागतं. प्रयोगशाळेत चाचणीसाठी वापरतात तो निळा रंग, मेथिलीन ब्लू, तर स्वतःच प्रकाश शोषतो, त्यामुळे साध्या दिव्याखाली तो उडाला म्हणून उत्प्रेरक (म्हणजे ती पावडर) चांगला, हे मी तरी मान्य करत नाही.

आणि डाइंगचं पाणी बीकरमधल्यासारखं नसतं. रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा) सुती कापडावर चढावा म्हणून भरपूर मीठ आणि सोडा घालतात. त्यातले क्लोराइड आणि कार्बोनेट रॅडिकल मधल्या मधेच गिळून टाकतात. पाणी गडद असेल तर प्रकाश वरच्या थरातच अडकतो. उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के, आणि आपल्याकडे जुलैत तर ऊनच नसतं. दिवे लावले की विजेचं बिल. शिवाय वापरून झालेली इतकी बारीक पावडर पाण्यातून गाळून काढणं भलतंच जिकिरीचं.

तरीही मी हे काम सोडलेलं नाही, कारण याची जागा आहे, फक्त ती शेवटी आहे. जिवाणूंच्या टाकीने बहुतेक सेंद्रिय भार खाल्ल्यावर जो फिका, हट्टी रंग मागे राहतो, त्याच्यासाठी. तिथे पावडर न टाकता काचेवर तिचा पातळ थर बसवायचा, म्हणजे गाळायची भानगड नाही. तो थर खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने टिकला पाहिजे. आम्ही सध्या त्याच्याच मागे आहोत.