जुना कोड आवरायचा कसा? तुम्ही विचारलंत म्हणून

“ताई, आमच्या ॲपचा कोड आता कुणालाच समजत नाही. सगळं नव्यानं लिहून काढू का?”

टीममध्ये नवीन आलेली मुलं हे विचारतात. कॉलेजात बोलायला गेले की तिथली मुलं विचारतात. परवा बाणेरला एक मैत्रीण भेटली, तिच्यासमोरचा चहा गार झाला तरी तिचा प्रश्न हाच होता. तिच्या टीमनं नव्यानं लिहायला सहा महिने मागून घेतले होते. माझं उत्तर बहुतेक वेळा “नको” असंच असतं. पण नुसतं “नको” म्हणून भागत नाही, मग करायचं काय तेही सांगावं लागतं. म्हणून हे सविस्तर.

सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं हजारोंनी राहतात. दिवसभर अभ्यासिकेत, आणि दोन वेळचा डबा कुठल्यातरी काकूंकडून. या डब्यांचा हिशेब ठेवणारं ॲप आमच्या टीमकडे बरीच वर्षं होतं. काम हातात आलं तेव्हा मी नारायण पेठेतल्या एका काकूंकडे आठवडाभर रोज सकाळी जाऊन बसले. त्यांच्या ओट्याशेजारी भिंतीवर कॅलेंडर होतं. मुलगा गावी गेला की त्या तारखेच्या चौकोनात त्याच्या नावाचं पहिलं अक्षर आणि त्याखाली एक फुली. म्हणजे खाडा. पोळ्या लाटणाऱ्या मावशी तेच कॅलेंडर बघून कणीक भिजवायच्या, डबे पोचवणारा दादा तेच बघून डबे उचलायचा, आणि महिनाअखेरीला त्याच फुल्या मोजून काकू पैसे वजा करायच्या. खाडा कुठे लिहिलाय असं तिथे कुणाला विचारावं लागत नसे.

आमच्या कोडमध्ये याच खाड्याला चार नावं होती. स्किप, पॉज, होल्ड आणि कॅन्सल. चार वेगवेगळ्या वर्षी, चार वेगवेगळ्या लोकांनी, प्रत्येकानं आपापल्या परीनं नीटच लिहिलेली.

आता आधी नव्यानं लिहिण्याबद्दल, कारण ते आम्ही करून बसलो आहोत. २०१९मध्ये गूगलनं अँड्रॉइडसाठी कोटलिन या प्रोग्रामिंगच्या भाषेला पहिली पसंती असल्याचं जाहीर केलं आणि आम्हाला निमित्त मिळालं. जावा या आधीच्या भाषेतला जुना कोड बाजूला ठेवून कोरं ॲप लिहायला घेतलं. तीन महिने ठरवले होते, दहा लागले. त्या काळात जुनं ॲप वापरात होतंच, त्यामुळे काकूंनी सांगितलेला प्रत्येक बदल दोनदा करावा लागला. शेवटी नवं ॲप लोकांपर्यंत गेलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन सुरू झाले: खाडा नोंदवला जात नाही. आमच्या ऑफिसात मात्र एकाही फोनवर ते घडेना.

दोन दिवसांनी एक मुलगा स्वतःचा फोन घेऊन आला. त्याचा फोन मराठीत होता. आमचे सगळ्यांचे इंग्रजीत. तारीख सर्व्हरला पाठवताना कोणत्या भाषेच्या रीतीनं लिहायची हे कोडमध्ये सांगितलं नाही, तर अँड्रॉइड फोनची भाषा धरतं, आणि मराठी फोनवर ती तारीख देवनागरी आकड्यांत तयार होते. सर्व्हरला ती वाचता येईना. जुन्या कोडमध्ये नेमक्या त्याच जागी एक ओळ होती, तारीख कायम इंग्रजी आकड्यांत लिहायला लावणारी. शेजारी कसलीही टीप नव्हती. नव्या ॲपमध्ये ती आली नाही आणि तो कोड मीच तपासून मान्य केला होता. ज्यांनी मराठी माध्यमात शिकून, फोनही मराठीत ठेवून पुणं गाठलं, त्यांचेच खाडे आम्ही हरवले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

जुन्या कोडमधल्या विचित्र दिसणाऱ्या ओळी बऱ्याचदा अशा असतात. कुणीतरी कधीतरी एका खऱ्या माणसाची अडचण सोडवलेली असते आणि कारण लिहायचं राहून गेलेलं असतं. कोड फेकताना ते कारणही जातं. म्हणून माझी पहिली पायरी ठरलेली आहे: हात लावण्याआधी, तो कोड आज कसा वागतो ते टेस्टमध्ये, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या छोट्या कोडमध्ये, टिपून ठेवायचं. कसा वागायला हवा ते नंतर बघू. कोटलिनमध्ये टेस्टला अख्ख्या वाक्याचं नाव देता येतं. आमच्याकडे आता एका टेस्टचं नावच आहे “फोन मराठीत असला तरी तारीख इंग्रजी आकड्यांत जाते”. ती टेस्ट काढून टाकणाऱ्याला निदान ते वाक्य वाचावं तरी लागेल.

मग गुंतागुंत कमी करायची म्हणजे काय करायचं? टॉमस मॅकेब यांनी १९७६मध्ये ती मोजायची एक रीत मांडली. फंक्शनमध्ये, म्हणजे एखादं काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात, वाट फुटते अशा जागा (“असं असेल तर” सांगणारे इफ, तेच पुन्हा करणारे लूप वगैरे) मोजायच्या आणि त्यात एक मिळवायचा. आकडा १०च्या आत ठेवावा असं त्यांनी सुचवलं. आमच्याकडे यादीतली डब्याची एक ओळ स्क्रीनवर दाखवणारं फंक्शन होतं, त्याचा आकडा निघाला ४३. सगळ्यांना सुचतो तोच उपाय आम्ही केला, त्याची आठ फंक्शनं केली. प्रत्येकाचा आकडा दहाच्या आत आला. पुढचा बग शोधायला मात्र तेवढाच वेळ लागला, उलट आता आठ ठिकाणी फिरावं लागलं. कारण ती आठही फंक्शनं त्याच पाच बुलियनना, म्हणजे फक्त हो किंवा नाही सांगणाऱ्या खुणांना, हात लावत होती.

हे पाच बुलियन जवळून बघण्यासारखे आहेत. स्किप, होल्ड, निघाला, पोचला, पैसे मिळाले. प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे पाचांच्या मिळून ३२ शक्यता. काकूंच्या स्वयंपाकघरात मात्र डब्याचं काय काय होऊ शकतं? तो ठरलेला असतो, त्याचा खाडा असतो, तो निघालेला असतो, पोचलेला असतो किंवा कुणी घेतला नाही म्हणून परत आलेला असतो. पाच अवस्था, आणि एका वेळी त्यांतली एकच. उरलेल्या शक्यता खऱ्या जगात नाहीतच, पण कोडमध्ये त्या होत्या आणि कधी ना कधी घडायच्या. एकदा असंच झालं. डबा निघाल्यावर रेंज नसलेल्या अभ्यासिकेतून एकानं खाडा टाकला, तो उशिरा पोचला. मग खाडाही खरा आणि निघालाही खरं. मुलाला “खाडा नोंदवला” असं दिसलं, दादाच्या यादीत डबा राहिला, बिलातून पैसे वजा झाले. डबा दाराशी जाऊन परत आला आणि नुकसान काकूंच्या वाट्याला आलं.

आम्ही ते बुलियन काढले आणि एक सील्ड क्लास केला, म्हणजे शक्य तेवढ्या अवस्थांची बंद यादी. त्यात या पाच अवस्था, मराठी नावांनीच. चार नावं जाऊन कोडमध्येही “खाडा” आला. “पैसे मिळाले” हे डब्याच्या अवस्थेत बसतच नव्हतं. पैसे महिन्याचे असतात, डब्याचे नसतात. ते खात्याकडे गेलं. डबा एकाच वेळी निघालेलाही आणि खाड्याचाही, असं आता कोडमध्ये लिहिताच येत नाही. वर एक मोठा फायदा असा, की व्हेनमध्ये, म्हणजे “ही अवस्था असेल तर हे कर” अशा यादीत, एखादी अवस्था हाताळायची राहिली तर कंपायलर, म्हणजे कोड चालण्याजोगा करून देणारा प्रोग्राम, तिथेच अडवतो. अट एवढीच की शेवटी “एल्स”, म्हणजे “बाकी सगळ्यांसाठी हे”, असं लिहायचं नाही. एल्स लिहिलं की ही राखण गेली. कोड तपासताना मी एवढ्या एका गोष्टीवर अडून बसते.

दुसरी गोष्ट वेळेची. दुपारच्या डब्याचा खाडा सकाळी साडेआठच्या आत सांगायचा, असा नियम होता. मावशी लवकर यायला लागल्या म्हणून काकूंनी तो आठवर आणला. आम्ही सर्व्हरवर बदल केला, बटण आठला बंद होईल असं केलं आणि आठवण करून देणाऱ्या नोटिफिकेशनमधला साडेआठ तसाच राहिला. सव्वाआठला मुलांना निरोप जायचा, “साडेआठपर्यंत खाडा सांगा”, आणि ॲप उघडावं तर बटण बंद. मुलांनी काकूंना फोन केले, ऐन पोळ्यांच्या वेळी.

डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञांनी १९७२मध्येच सांगून ठेवलंय की प्रोग्रामचे भाग पाडताना जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एका भागात झाकून ठेवावा, बाकीच्यांना तो कळायची गरज पडू नये. आमचा “साडेआठ” तीन भागांना माहीत होता. मोबाइलवर हे जास्त महागात पडतं, कारण वेबसाइटसारखं एका जागी बदललं आणि सगळ्यांना मिळालं असं इथे होत नाही. लोक महिनोन् महिने अपडेट घेत नाहीत आणि ॲपमध्ये लिहिलेला आकडा त्यांच्या फोनमध्ये तसाच बसून राहतो. म्हणून ती वेळ आता सर्व्हर सांगतो. फोनवर रेंज नसेल तर शेवटची माहीत असलेली वेळ दिसते, पण निकाल सर्व्हरचा. बटण आणि नोटिफिकेशन दोघंही एकाच ठिकाणी विचारतात.

फोन आडवा केला की भरलेलं नाहीसं होतं, हे दुखणं जुन्यांना आठवत असेल. अँड्रॉइड अशा वेळी ॲक्टिव्हिटी, म्हणजे ती स्क्रीन चालवणारा कोडचा भाग, मोडून नव्यानं बांधतं. ते टाळायला आम्ही एकाच माहितीच्या तीन तीन प्रती ठेवायचो आणि त्या एकमेकींशी जुळायच्या नाहीत. २०१७ साली गूगलनं व्ह्यूमॉडेल (स्क्रीनवरची माहिती धरून ठेवणारं) आणि रूम (फोनमधल्या डेटाबेसमध्ये माहिती साठवणारं) ही दोन तयार साधनं आणली, त्यानं बराच भार हलका झाला. तरी व्ह्यूमॉडेल फोन आडवा-उभा केलेला सोसतं; सिस्टिमनं पूर्ण ॲपच बंद केलं तर तेही जातं. आमच्याकडे खाडा आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये जातो आणि स्क्रीन तिथून फक्त वाचते. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं.

एक इशारा मात्र देते. “एक गोष्ट एका जागी” हे पटलं की माणूस सारखं दिसणारं सगळं एकत्र करायला निघतो. आम्हीही दुपारच्या आणि रात्रीच्या डब्याचा दर काढणारी दोन फंक्शनं जुळी दिसतात म्हणून एक केली. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री सुट्टी. एकादशीला दुपारी उपवासाचा डबा, रात्री मुलांना साधा चालतो. वर्षभरात त्या एका फंक्शनला सहा पॅरामीटर, म्हणजे बाहेरून पुरवायच्या सहा गोष्टी, लागले. वरण आणि आमटी दोन्हींत तूरडाळच असते, म्हणून कुणी एका पातेल्यात करत नाही. ते आम्ही पुन्हा वेगळं केलं. दोन तुकडे एकाच कारणानं बदलत असतील तरच ते एक.

हे सगळं करायला आम्ही वेगळे महिने मागितले नाहीत. ज्या फाइलला कामासाठी हात लागेल तिथे आधी टेस्ट, मग काम, मग जाताना एक नाव किंवा एक बुलियन कमी. शिवाय कुणीच वापरत नसलेली फीचर्स काढून टाकली; त्याला सगळ्यात कमी वेळ लागला.

गेल्या पावसाळ्यात काकूंनी नवीन मागणी केली. मुलगा गावी जातो, पण डबा बंद करत नाही, खोलीतला मित्र तो खातो. आधीच्या कोडमध्ये हा सहावा बुलियन झाला असता. आम्ही सील्ड क्लासमध्ये “दुसऱ्याला दिलेला” अशी अवस्था घातली आणि कंपायलरनं सात जागा लाल केल्या. सहा जागा दुपारपर्यंत झाल्या. सातवी बिलाची होती आणि तिथे टीममधली सगळी थांबली, कारण हे पैसे कुणाच्या खात्यावर टाकायचे ते कुणालाच माहीत नव्हतं. मी काकूंना फोन लावला.

“अगं, ज्याच्या नावानं पोळ्या लाटल्या त्याच्या नावावर. त्यांचं ते आपसांत बघतील.”

टेस्टला तेच नाव दिलं आणि सातवी जागा भरली.